राखणीचा सदरा

घरामागं आमची चार हात माती आहे. घर बांधताना मीच हट्टानं ठेवून घेतलेली, नाहीतर ह्यांनी तिथंही फरशी घातली असती. यंदा सुनेनं त्यात सूर्यफुलं लावली. फुलं मोठी झाली, बी भरायला लागलं, आणि राघू आले. पलीकडच्या गुलमोहरावर त्यांची शाळाच भरते. चहा गाळून बाहेर येईपर्यंत एखाद्या फुलाचं अर्धं टक्कल झालेलं असतं. सुनेनं मोबाईलवरून जाळी मागवली. तिच्यात राघू काही सापडला नाही, माझी चप्पल मात्र रोज अडकायची. मग चकाकणाऱ्या फिती आणल्या, त्यांना राघू आठवडाभर घाबरले आणि मग त्यांच्यावरच झोके घ्यायला लागले. शेवटी परवा ती म्हणाली, "आई, बाबांचा एखादा जुना शर्ट द्या ना. बुजगावणं करूया." मी म्हटलं, न्हाई. हे समोरच बनियनवर पेपर वाचत बसलेले. "अगं दे की, त्यो कॉलर फाटलेला हाय न्हवं," म्हणाले. "तुम्ही गप बसा," असं म्हणून मी आत आले आणि काही शिजवायचं नसताना गॅस पेटवला. सून पुण्याची. गुणी पोर आहे, पण मी बाहेर पडताना "येतो गं" म्हटलं की अजून तिला हसू येतं. आमच्याकडं बायका असंच बोलतात हे तिच्या पचनी पडलेलं नाही. सासू जुन्या शर्टासाठीही चिकटपणा करते, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. जित्त्या माणसाचा सदरा मी बुजगावण्याला घालू देणार नाही, आणि का ते तोंडानं सांगायला गेले तर मधेच विषय बदलते. म्हणून लिहून ठेवते.

माझी थोरली बहीण आक्का. नाव शालन, पण त्या पुऱ्या नावानं तिला फक्त आमचे वडील, अण्णा, हाक मारायचे, आणि तेही रागात असले तरच. मी शाळेत जाणारी, परकर-पोलक्यातली, आणि ती लग्न होऊन शिरोळकडं दिलेली. तिकडं म्हणजे कृष्णेचं पाणी, नजर पोचेल तिथवर ऊस, घरचा ट्रॅक्टर. शालीनं नशीब काढलं, असं आमच्या भावकीत सगळे म्हणायचे. आमचं गाव कोल्हापूरला लागूनच, आता तर शहर त्याच्या अंगावर येऊन बसलंय, पण तेव्हा मधे रानं होती. आमचं घर लहान. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परडं. परड्यात म्हैस, गवताची गंजी, धुण्याचा दगड, एक शेवग्याचं झाड आणि भिंतीपलीकडं हमीदाचाचीचं घर. पहाटे दूध संस्थेत कॅनची आदळआपट सुरू झाली की आई उठायची, आणि गिरणीची पुक-पुक सुरू झाली की मला उठवायची. अण्णा हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून जायचे. घरी आले की त्यांच्या धोतराला, हाताला, मिशीलासुद्धा गुळाचा वास असायचा. कधी पळसाच्या पानात गरम काकवी घेऊन यायचे आणि ती आम्ही भाकरीबरोबर बोटं चाटत खायचो. अजून कुणी काकवी म्हटलं की मला तो सोपा दिसतो आणि भिंतीला टेकून बसलेले अण्णा दिसतात.

आक्काचं सासरी आधी चांगलं चाललं होतं. मग तिचा थोरला दीर उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला. थोरला असून त्याचं लग्न राहिलेलंच होतं. त्यानंतर आक्काचं दोनदा पोटातच गेलं. तिच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायची आक्का त्यांना, मुळात वाईट बाई नव्हत्या. पण पोरगा गेल्यापासून त्यांना सगळ्याचीच भीती वाटायला लागली होती. मांजर आडवं गेलं तरी उरलेल्या पोराला घराबाहेर पडू द्यायच्या नाहीत. दिवाळी झाल्यावर दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, तिला घेऊन आमच्याकडं आले. "अंगात रगत न्हाई तिच्या. थोडं दिवस ऱ्हाऊ दे माहेरी. आईबी तेच म्हणत्या," असं अण्णांना म्हणाले. कधी न्यायला येणार ते मात्र बोलले नाहीत. आईचा हात भाकरी थापताना थांबला, तेवढंच मला आठवतं. आमच्याकडं असं मुदत न सांगता माहेरी ठेवलेल्या पोरीला काही महिन्यांनी लोक एक शब्द लावतात, टाकलेली. आई तो शब्द कधी बोलली नाही, पण त्या दिवसापासून तो आमच्या घरात वावरायला लागला.

जावई आला की आहेर करायचा, त्याशिवाय पाठवायचं नाही, ही आईची रीत. तिनं शहरातनं आणलेला नवा सदरा दाजींना दिला. त्यांनी तो तिथंच घातला आणि अंगातला जुना, निळ्या चौकड्यांचा, खुंटीला टांगला. "धुऊन ठेव, पुढच्या खेपंला नेतो," म्हणाले. निघायच्या आधी ते परड्यात पाय धुवायला आले. मी तांब्या घेऊन उभी. आक्का शेवग्याखाली पदराचा काठ बोटाला गुंडाळत. दाजींनी खिशातनं कागदाची पुडी काढली. बियाणाच्या दुकानात कुणीतरी नमुना म्हणून दिलेलं सूर्यफुलाचं बी होतं. तेव्हा आमच्या भागात ते नवंच होतं. "हे लाव हितं. ह्यात बी भरून फुलं काढायला येतील, त्याच्या आत न्यायला येतो," ते म्हणाले. आक्कानं विचारलं, "आणि न्हाई आलासा तर?" दाजी हसले. दात फार छान होते त्या माणसाचे. "तर घाल सगळं राघवास्नी." आक्काही हसली. लग्न झाल्यावर ती अशी हसलेली मी पहिल्यांदाच बघितली. मला उगीचच लाज वाटली आणि मी तांब्यातलं उरलेलं पाणी म्हशीच्या अंगावर ओतलं.

आक्कानं शेणखत घालून वाफे केले, बी टोचलं, आणि रोज धुण्याचं पाणी तिकडं वळवलं. संक्रांतीपर्यंत रोपं तिच्या डोक्याच्या वर गेली आणि फुलं उमलली. आमच्या परड्यात तोवर कधी असलं काही झालं नव्हतं. शेण, गवत, धुराचा काळा पत्रा आणि मधेच हे पिवळे जर्द तोंडवळे. बायका बघायला यायच्या. "काय गं शाले, एवढं ऊन साठवून काय करणार हाईस?" असं हमीदाचाची भिंतीवरनं विचारायची. आक्का म्हणायची, "घरला नेणार." घर म्हणजे सासर, हे सगळ्यांना कळायचं आणि मग सगळ्या दुसऱ्याच विषयावर बोलायला लागायच्या.

पाकळ्या सुकल्या, दुधाळ बी धरायला लागलं आणि पाखरं आली. आधी चिमण्या, मग राघवांचा थवा. शेवग्यावर बसून ओरडायचे आणि एकदम खाली उतरायचे. फुलावर उलटं लोंबकळून एकेक बी काढायचं, चोचीत फिरवायचं, टरफल खाली टाकायचं, असं निवांत जेवण. चान्याही येत. चानी म्हणजे खार, ती देठावरनं सरळ वर चढायची. माझ्यासारखीला गंमत वाटली असती, पण आक्काचा जीव कासावीस व्हायचा. एक फूल खाल्लं गेलं की दिवसभर तिचं तोंड उतरलेलं. दाजींनी हसत सांगितलेलं ते वाक्य तिनं मनाला लावून घेतलं होतं. फुलं आहेत तोवर मुदत आहे, राघवांनी खाल्ली की संपली, असा तिनं हिशेब धरला होता. आईनं समजावलं, "अगं, ते बोलायचं म्हणून बोललं. पाखरांच्या खाण्यावर कुणाचा संसार ठरतोय व्हय?" आक्का मान डोलवायची आणि पुन्हा पत्रा बडवायला परड्यात.

किती उपाय केले तिनं. देठांना बाभळीच्या काट्यांच्या फांद्या बांधल्या, त्यानं चान्या थांबल्या. आईच्या जुन्या लुगड्याच्या टोप्या शिवून फुलांना घालायला निघाली, तेव्हा आई म्हणाली, "सगळ्यास्नी आत्ताच झाकू नको. उमलत्या फुलावर माश्या बसू देत, न्हाईतर बी पोचट धरंल." मग ज्यात बी धरलंय त्यांनाच टोप्या, आणि रोज सकाळी त्या सोडून आत कीड, बुरशी काही आहे का ते बघायचं. राघू हुशार, टोपीसकट चोचीनं फाडायचे. हमीदाचाचीचा नवरा रेडिओ-टेपची दुरुस्ती करायचा. चाचीनं त्याच्याकडच्या बिघडलेल्या कॅसेटींची काळी फीत आणून दिली. ती ह्या भिंतीपासून त्या झाडापर्यंत ताणून बांधली की वाऱ्यावर एक बारीक गुंजारव सुरू व्हायचा. दुपारी सगळीकडं सामसूम असताना, म्हैस रवंथ करत असताना तो आवाज चालू असायचा. ह्या फितीत कुणाचं गाणं असेल, असा विचार करत मी अभ्यासाचं पुस्तक उघडं टाकून बसायची. सुनेनं आता आणलेल्या फितींना तसा आवाज नाही.

फितीचीही राघवांना सवय झाली. मग आक्कानं अण्णांकडनं दोन बांबू मागून घेतले आणि बुजगावणं उभं केलं. वर मडकं. मी म्हटलं, कोळशानं ह्या मोठ्या मिशा काढ आणि डोळे लाल कर. तिनं चुन्यानं नुसते दोन डोळे आणि एक लहानसं हसरं तोंड काढलं. "असल्याला कोण भिणार?" मी विचारलं. ती आत गेली आणि खुंटीवरचा निळ्या चौकड्यांचा सदरा घेऊन आली. धुतलेला, इस्त्री नसली तरी हातानं घडी मोडून सारखा केलेला. तो तिनं बांबूंना घातला, सगळी बटणं लावली, आणि डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडली. उजवी तशीच सोडली. दाजींची ती सवय होती, एकच बाही दुमडायची. मग ती लांब धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथनं बघितलं. डोळे पुसले असतील, मला पाठच दिसत होती.

तेव्हापासून आक्का बदलली. खायला लागली, गालावर थोडं रक्त आलं. परड्यात भांडी घासताना ती बुजगावण्याशी बोलायची. "आज आमटीत मीठ जास्त झालंय, आई काय बोलली न्हाई." "आत्याबाईंचा खोकला कमी आला का वो?" असलं साधंच काहीतरी, दोन माणसं घरात बोलतात तसं. एकदा आईनं माजघराच्या दारातनं ते ऐकलं आणि पदर तोंडात धरून ती तशीच मागं फिरली. सदऱ्याबद्दल कुणाच्याच मनात काही आलं नाही. आमच्याकडं बुजगावण्याला कुणाचंही जुनेर घालतात. अण्णांचं धोतर, आईचं लुगडं, शाळेचा गणवेश. रानात त्या साली आमच्या चुलत्यांचा कोट उभा होता आणि चुलते स्वतः त्याच्या शेजारी बसून बिडी ओढायचे. फुलांच्या मागच्या बाजू पिवळ्या पडायला लागल्या तशी आई म्हणाली, "काढ आता. बी झडंल." आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं. अजून थोडं वाळू दे." आईला काय ते कळलं. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे.

आणि निरोप आला. शिमग्याच्या तोंडावर दाजी आणि आत्याबाई येणार, आक्काला न्यायला. आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णा त्या दिवशी गुऱ्हाळावर गेले नाहीत, हे मी त्यांना हंगामात करताना कधी बघितलं नव्हतं. सकाळपासून घरात डाळ शिजत होती. पुरण वाटायला आईनं पाटा धुवून घेतला, येळवणीच्या, म्हणजे डाळीच्या कटाच्या, आमटीला खोबरं भाजलं, वेलदोड्याचा आणि गुळाचा वास सोप्यापर्यंत. आक्कानं न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं. तव्यापुढं बसली तरी पोळी लाटताना तिची नजर सारखी दाराकडं जायची. मी विचारलं, "आक्का, सदरा काढून ठेवू काय? दाजी हसतील." ती लाजली. "असू दे बायडे," म्हणाली. "बघू देत त्यास्नी." तिला ते दाखवायचं होतं. तोंडानं जे बोलता येत नाही ते तिनं परड्यात उभं करून ठेवलं होतं. आज लिहिताना मला हे इतकं सरळ दिसतंय.

दुपारच्या आत ते आले. दाजी आधी परड्यात पाय धुवायला आले, मी पाणी घालत होते. त्यांची नजर गेली आणि पाय तसाच राहिला. "बायडे, ह्यो सदरा?"

"तुमचाच की."

"कुणी घातला?"

"आक्कानं. रोज बोलत्या त्याच्यासंगं. बाहीबी तुमच्यागत दुमडल्या, बघा की."

दाजी मग ओल्या पायांनी जवळ गेले, ती दुमडलेली बाही बोटांनी चाचपली. शेजारच्या फुलाची टोपी सोडून एक बी काढलं, दातांनी फोडलं, आणि म्हणाले, "भरलंय. येळंत आलो म्हणायचं." मग माझ्याकडं वळले. "जा, आक्काला सांग, पेटी भर म्हणावं." मी पळत आत गेले. आक्काला सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि तव्यावरची पोळी करपली. आई एरवी रागावली असती. त्या दिवशी तिनं ती करपलेली पोळी काढून हसत बाजूला ठेवली. ते हसू आईच्या तोंडावरनं जायच्या आधीच परड्यातनं आत्याबाईंचा आवाज आला. ओरडल्या नव्हत्या. नुसतं "बाळू" म्हणाल्या, पण ते ऐकून आम्ही सगळेच दारात आलो.

आत्याबाई हात धुवायला मागं आल्या होत्या. त्या धुण्याच्या दगडावर मटकन बसल्या होत्या आणि त्या मडक्याकडं बघत होत्या. "बाळू, ह्यो तुझा सदरा हाय."

"आई, अगं, राखणीला घातलाय. तसं काय न्हाई."

"थोरल्याचा मी असाच उभा केलता. रानात, बांधावर." त्या कुणाशी बोलत होत्या कळत नव्हतं. "कापडं गंगंत सोडा म्हणालं सगळी. माझा हात हुईना. म्हणून एक सदरा ठेवला आन् उभा केला. लांबनं बघितलं की वाटायचं, हाय रानात. आमच्यात गेलेल्या माणसाचा घालत्यात. जित्त्याचा कोण घालत न्हाई गं बाई, कोण घालत न्हाई."

आई पुढं झाली. "ईनबाई, पोरीला ठाव न्हवतं वो. आमच्यात कसलीबी कापडं घालत्यात. बघा, आमच्या धाकट्या दिराचा कोट रानात हाय, आन् ते सोताच्या पायानं फिरत्यात."

भिंतीवरनं हमीदाचाची बोलली. ती कुणाला भीत नसे. "अवो मावशी, नवऱ्याची आठवण येत होती पोरीला. त्याच्यासाठी घातला तिनं. दुसरं काय सुदीक न्हाई त्यात."

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं. त्यांना ते पटलं, असं मला आजही वाटतं. त्या म्हणाल्या, "आठवण येऊ दे की. पर जित्त्याची अशी काढायची न्हाई." आणि मग त्यांनी आक्काकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. दारात उभी होती, हाताला पीठ, हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर. तिनं एकदा बोलायला पाहिजे होतं. मला त्यांच्याशिवाय करमत न्हाई, एवढं. पण समोर सासू, समोर बाप, समोर नवरा. आमच्याकडची कोणती लेक असं बोलली असती? तिचे ओठ हलले. म्हणाली, "राघू लई आलते."

आत्याबाई उठल्या. बुजगावण्याजवळ गेल्या आणि सदऱ्याची बटणं काढायला लागल्या, वरनं खालपर्यंत, एकेक, सावकाश, झोपलेल्या पोराच्या अंगातनं काढावा तसा. दुमडलेली बाही सरळ केली. घडी घातली आणि पदराखाली छातीशी धरली. आईला म्हणाल्या, "ताई, तुमची पोर वाईट न्हाई. पर मला एकच उरलाय. हिला घरात बघितली की मला हे मडकं दिसंल. माझं काळीज आता धरत न्हाई." अण्णांनी हात जोडले. माझ्या बापाला मी दुसऱ्या कुणापुढं हात जोडताना बघितलेलं नाही. "जेवून तरी जावा," आई म्हणाली. त्या जेवल्या नाहीत. दाजींनी सोप्यात पायात चपला घातल्या, आत बघितलं आणि म्हणाले, "आई घाबरल्या. थोडं दिवस जाऊ देत." एवढंच. बाही चाचपणारा, बी फोडून बघणारा, पेटी भर म्हणणारा तोच माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. आत्याबाईंवर मला राग धरता येत नाही. त्यांनी मेलेल्या पोरासाठी जे केलं तेच आक्कानं जिवंत नवऱ्यासाठी केलं होतं, आणि त्या दोघींना एकमेकींचं दुःख दुसऱ्या कुणाहूनही जास्त कळलं असतं. पण त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. आता तो नाही, तरी नाही.

पोळ्या आम्ही कुणी खाल्ल्या नाहीत. आईनं त्या म्हशीला घातल्या. संध्याकाळी आक्का परड्यात गेली, फुलांच्या टोप्या एकेक करून सोडल्या, काळी फीत गुंडाळून चाचीला परत दिली, काट्यांच्या फांद्या काढून चुलीपाशी टाकल्या. दुसऱ्या दिवशी राघवांचा थवा उतरला. इतके राघू मी तेव्हापासून एका जागी बघितले नाहीत. आक्का धुण्याच्या दगडावर बसून बघत होती. आई रडत म्हणाली, "हाकल की गं त्यास्नी." आक्का म्हणाली, "असू दे. त्यांनीच सांगितलंतं, न्हाई आलो तर राघवास्नी घाल म्हणून."

अण्णा नंतर शिरोळकडं जाऊन आले. सोप्यात भिंतीला टेकून बसले आणि पाणी मागितलं. काही काळानं दाजींनी दुसरी केली असं कानावर आलं. आक्काच्या नावानं कागद झाला नाही, काडीमोड झाली नाही, ती नुसती राहिली. दूध संस्थेत कामाला लागली, आई-अण्णांचं शेवटपर्यंत केलं, माझ्या लग्नात करवलीसारखी मिरवली. आणि दरवर्षी परड्यात सूर्यफुलं लावायची. शेणखत, वाफे, पाणी, सगळं तसंच. राखायची मात्र नाही. माझी पोरं सुट्टीला गेली की विचारायची, मावशी, तू पाखरं का हाकलत नाहीस? ती म्हणायची, "त्यांच्यासाठीच तर लावतो."

आक्का जाऊन आता थोडी वर्षं झाली. ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेले होते. मीच बातमी घेऊन गेले होते, दाजी गेल्याची. आत्याबाई तर केव्हाच गेल्या होत्या. कसं सांगावं ते कळेना म्हणून मी परड्यात जाऊन बसले. म्हैस नव्हती, शेवगा नव्हता, धुण्याचा दगड मात्र होता आणि फुलं होती. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. गळ्यातलं काढलं की नाही, ते मी लिहिणार नाही, ते तिचं तिच्यापाशी. राघू आलेले होते, त्यांच्या टरफलांचा सडा आमच्या पायांशी पडत होता. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "बायडे, आता घातला असता तर कोण काय बोललं नसतं की गं." मला आधी उमगलं नाही. मी म्हटलं, काय?

"सदरा," ती म्हणाली. "पर त्यो त्या घेऊन गेल्या."